धरणांच्या जिल्ह्यात कयाक

नगर जिल्हा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर टँकर, चारा छावणी आणि भेगाळलेली जमीन येते. हे चित्र खोटे नाही. पाथर्डी, जामखेड, पारनेरचे पठार यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. पण याच जिल्ह्यात भंडारदऱ्याला 11 टीएमसी, निळवंड्याला 8 आणि मुळा धरणात 26 टीएमसी पाणी मावते. पूर्वेला शेवगाव-नेवाशाच्या कडेने जायकवाडीचा नाथसागर पसरतो आणि दक्षिणेला कर्जत तालुक्याला उजनीचा फुगवटा येऊन टेकतो. या पाण्याकडे पाहण्याची आपली नजर हिशेबाची आहे: किती आवर्तने मिळणार, उसाला किती, जायकवाडीला किती सोडणार. त्या पाण्यावर सहज, हौसेने जाऊन यावे हे आपल्या सवयीचे नाही.

गेल्या काही वर्षांत हे बदलू लागले आहे. धरणांच्या काठी तंबू लागले आणि तंबूंच्या शेजारी लाल, पिवळ्या, निळ्या प्लास्टिकच्या कयाक उपड्या पडलेल्या दिसू लागल्या. एकदा बसून आलेली माणसे घरी जाऊन चौकशी करू लागतात, की आपली स्वतःची घ्यायची तर कोणती घ्यावी? उत्तरासाठी ती मोबाइलवर व्हिडिओ पाहतात, आणि ते व्हिडिओ असतात कॅनडातल्या थंड सरोवरांचे किंवा अमेरिकेतल्या जंगलातल्या ओढ्यांचे. आपले पाणी तसे नाही. ते अडवलेले आहे, महिन्यागणिक त्याची पातळी उतरते, काठावर बाभळी आहेत, मध्ये जाळी आहेत आणि दुपारी वारा सुटतो. यंदाच्या अंकाचा विषय पाणी ठरला तेव्हा याच प्रश्नाचा आपल्या जिल्ह्यापुरता शोध घ्यावा असे वाटले. कयाक नुसती पाहून कळत नाही, ती कोणत्या पाण्यात आहे यावरच कळते. म्हणून काठाकाठाने फिरलो.

शेंडीचा काठ

भंडारदऱ्याचे विल्सन धरण 1926 मध्ये पुरे झाले. प्रवरेवरची ही सुमारे 82 मीटर उंच दगडी भिंत आता शंभर वर्षांच्या घरात आहे. भिंतीजवळ शेंडी गाव, आणि तिथून पाणी नैर्ऋत्येकडे डोंगरांच्या बेचक्यांत शिरत रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापर्यंत जाते. रस्ता धड नव्हता तेव्हा रतनगडाला जाणारे गिरिभ्रमणवाले शेंडीहून होडीने रतनवाडी गाठत. म्हणजे या पाण्यावर प्रवास नवा नाही. नवे आहे ते कामाशिवाय पाण्यावर जाणे.

काठावरच्या कॅम्पमध्ये काम करणारी बहुतेक मुले आसपासच्या वाड्यांतली आहेत, महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांतली. पोहायला ती लहानपणीच शिकलेली असतात आणि पाण्याची खोली त्यांना काठाच्या रंगावरून कळते. सकाळी नऊच्या सुमारास नाशिकहून आलेले एक कुटुंब पाण्याजवळ उभे होते. आई, वडील आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. वडील थेट कयाककडे निघाले तसा तिथल्या मुलाने त्यांना थांबवले.

“काका, जाकीट आधी.”

त्याने पट्टे ओढले, मग जाकिटाच्या दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून पाहिले. जाकीट कानांपर्यंत सरकले. त्याने पुन्हा सगळे सोडले आणि लहान मापाचे आणले. एवढी एक कृती पाहिली तरी कॅम्प कसा आहे ते समजते. सैल जाकीट घातलेला माणूस पाण्यात पडला की जाकीट वर आणि माणूस खाली राहतो.

मग त्याने कयाक गुडघाभर पाण्यात नेली आणि आईला सांगितले, “ताई, उभं राहून पाय टाकू नका. आधी बूड टेकवा, मग पाय आत घ्या.” नवशिक्यांची कयाक उलटते ती बहुधा याच क्षणी, काठापासून हातभर अंतरावर. पाय आधी टाकला की सगळा भार एका बाजूला जातो.

मुलगी मात्र वेगळ्याच काळजीत होती. कयाकच्या बुडाला आरपार भोके होती आणि त्यांतून पाणी वर येताना दिसत होते. होडी गळते, असे ती पुन्हापुन्हा सांगत होती. या भोकांत या प्रकारच्या कयाकचे सगळे तंत्र आहे. वर बसायच्या कयाकचे अंग म्हणजे चहूबाजूंनी बंद, आतून पोकळ असा डबा. माणूस त्या डब्याच्या पाठीवर बसतो. लाटेचे पाणी वर आले की भोकांतून खाली निघून जाते, आणि खालून वर येणारे पाणी बाहेरच्या पातळीशी येऊन थांबते. बैठक त्या पातळीच्या चार बोटे वर असते. भोके बंद अंगातून नळीसारखी आरपार गेलेली असल्यामुळे आतल्या पोकळीत थेंबही शिरत नाही. ती कयाक बुडत नाही. उलटली तरी तरंगत राहते, तिला सरळ करता येते आणि पोटावर झोपून पुन्हा वर चढता येते.

तिचे अंग ज्या पद्धतीने घडते ती पद्धत आपल्या प्रत्येक गच्चीवर आहे. काळी पाण्याची टाकी आणि ही कयाक एकाच प्रक्रियेतून निघतात. साच्यात पॉलिथिलिनची भुकटी भरतात, साचा भट्टीत सगळ्या दिशांनी फिरवतात, भुकटी वितळून आतल्या बाजूला सारखी बसते आणि सांधा नसलेले पोकळ अंग तयार होते. गुजरातेत कलोलला सिंटेक्सने 1975 साली अशा टाक्या सुरू केल्या. अमेरिकेत प्लास्टिकच्या कयाक याच तंत्राने त्याच दशकात आल्या आणि लाकूड-फायबरची महागडी हौस सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. हे प्लास्टिक खडकावर आपटले तरी तडकत नाही, ओरखडे पडून सुटते. त्याचा शत्रू ऊन आहे. दोन-तीन उन्हाळे उघड्यावर पडलेली कयाक फिकी पडते, ठिसूळ होते आणि एखाद्या दिवशी बैठकीखाली चीर जाते. भाड्याच्या कयाकमध्ये बसताना रंग उडालेला असेल तर तळहात फिरवून पाहावा. हाताला पांढरी पूड लागली तर दुसरी मागावी.

वर बसायचे की आत

कयाकचा मूळ अवतार आत बसायचा. आर्क्टिक प्रदेशातले इन्युइट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत. शिकार करायची, गोठवणाऱ्या पाण्यापासून अंग वाचवायचे, म्हणून कमरेपर्यंतचा माणूस होडीच्या पोटात. आजही आत बसायच्या कयाकचे फायदे तेच आहेत. माणूस पाण्याच्या पातळीला किंवा तिच्याखाली बसतो, त्यामुळे भार खाली राहतो. भार खाली म्हणून रुंदी कमी चालते. रुंदी कमी म्हणून पाणी कमी कापावे लागते आणि तेवढ्याच श्रमात पुढे जास्त जाता येते. गुडघे आतून टेकवता येतात, कमरेने होडी सावरता येते, कपडे कोरडे राहतात.

मग आपण तीच का घेऊ नये? कारण ती भरते. दहा फुटी, मोठ्या तोंडाची हौशी कयाक उलटली तर तिच्या पोटात शंभर लिटरपेक्षा कितीतरी जास्त पाणी जाऊ शकते, म्हणजे शंभर किलोंहून जास्त वजन. तिला पाण्यात सरळ करणे, रिकामी करणे आणि पुन्हा आत शिरणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. त्यासाठी हातपंप लागतो, मागेपुढे पाणी अडवणाऱ्या आडव्या भिंती लागतात, सराव लागतो. स्वस्त हौशी कयाकमध्ये बहुतेकदा एकच आडवी भिंत असते, मागची. पुढचा भाग भरला की नाक खाली जाते.

आणि ज्या कारणासाठी आत बसायचे ते कारण आपल्याकडे नाही. डिसेंबरची पहाट सोडली तर भंडारदऱ्याचे पाणी अंग गोठवत नाही. मुळा धरणावर मार्चमध्ये चार थेंब अंगावर आले तर बरेच वाटते. आत बसायच्या कयाकचे पोट उन्हाळ्यात तापते, पाय आखडतात. गुडघेदुखी असलेल्या, पोट सुटलेल्या, साडी नाही तरी सलवार घालून आलेल्या माणसाला त्या तोंडातून शिरणे आणि निघणे दोन्ही अवघड. म्हणून पहिली कयाक घेणाऱ्याला मी वर बसायचीच सांगेन. आत बसायची घ्यावी ती दोन हंगाम वल्हवल्यानंतर, लांबचे अंतर खुणावू लागल्यावर.

तळाच्या आकाराबद्दल दुकानदार फारसे सांगत नाहीत, म्हणून थोडे थांबतो. परातीसारख्या सपाट तळाची कयाक शांत पाण्यात घट्ट बसते, नवशिक्याला पहिल्याच मिनिटाला विश्वास देते. पण बाजूने लाट आली की ती लाटेच्या उताराला चिकटून तिच्याबरोबर कलते, आणि एका मर्यादेपुढे अचानक जाते. गोलसर किंवा मधे धार असलेला तळ सुरुवातीला डुगडुगतो, माणूस घाबरतो, पण कलल्यावर ती एका ठिकाणी थांबते आणि धरून राहते. शेंडीच्या खाडीसारख्या कोपऱ्यात सपाट तळ उत्तम. नाथसागराच्या उघड्या पाण्यावर नाही.

मुळा धरणावर वारा

राहुरीजवळ बारागाव नांदूरला मुळा धरणाच्या भिंतीवर उभे राहिले की पश्चिमेकडे पाणीच पाणी. याला ज्ञानेश्वर सागर म्हणतात. भंडारदऱ्यासारखी डोंगरांची आड नाही. पारनेर-संगमनेरच्या पठारांवरून येणारा पश्चिमेचा वारा सरळ पाण्यावर उतरतो आणि जितके पाणी त्याच्यापुढे मोकळे तितकी लाट मोठी होत भिंतीकडे येते. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी दोनला ओळखू येत नाही.

इथे लांबीचा प्रश्न कळतो. नऊ फुटी कयाक वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला नाक डावी-उजवीकडे फिरवते. छोट्या वळणाच्या पाण्यात तोच तिचा गुण. मोठ्या पाण्यात मात्र अर्धी ताकद तिला सरळ ठेवण्यात जाते. बारा फुटी कयाक सरळ धावते. पाण्यात बसलेल्या अंगाची लांबी जितकी जास्त तितका तिचा सहज गाठता येणारा वेग जास्त, हा होड्यांचा जुना नियम आहे. नऊ फुटांना तो ताशी सातेक किलोमीटरवर अडतो, बारा फुटांना साडेआठच्या आसपास. नवशिका त्या मर्यादेपर्यंत जातच नाही, तो चार-पाचच्या वेगाने वल्हवतो. पण समोरून वारा आला की हाच फरक परतीचा फरक ठरतो.

रुंदीचे उलट आहे. ओशन कयाकची मलिबू टू ही वर बसायची जोडीची कयाक बारा फूट लांब आणि 34 इंच रुंद आहे. भाड्याने देणाऱ्यांची ती आवडती, कारण उलटायला प्रयत्न करावा लागतो. लांब पल्ल्याच्या प्रवासी कयाक चौदा-पंधरा फूट लांब आणि जेमतेम 24 इंच रुंद असतात. वेगात त्यांची बरोबरी नाही, पण त्यात बसून फोटो काढायला मागे वळलेला नवशिका पाण्यात जातो. या दोहोंच्या मधे, साडेदहा ते बारा फूट लांब आणि 29 ते 31 इंच रुंद अशी जी जात आहे तीच आपल्या धरणांची जात, असे माझे मत फिरता फिरता पक्के झाले. तळाला मागे एक छोटी पाती असावी. बाजूच्या वाऱ्याने नाक वाऱ्याकडे वळू पाहते, ती पाती त्याला आवर घालते. जलपर्णी किंवा जाळे दिसले की ती वर उचलता आली पाहिजे.

वाऱ्याबाबत या काठाचा नियम सोपा आहे: जाताना वाऱ्याच्या तोंडाला जायचे, येताना त्याच्या पाठीवर. मुळा धरणात भिंतीच्या बाजूने निघालात तर पश्चिमेकडे जाणे अवघड आणि परतणे सोपे, तेच बरोबर. वरच्या अंगाच्या एखाद्या गावातून उतरलात तर वारा तुम्हाला हसतखेळत लांब नेईल आणि परत येताना दमवील. पाण्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस दिसू लागला की जिथे असाल तिथून काठ धरावा.

एप्रिल-मेचा वळीव याहून वाईट. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती कयाक नव्हती, मोटारबोट होती. वाऱ्याला तो भेद नाही. ढग काळे झाले की उन्हाळ्यात पाण्यावर कोणीच नसावे.

पिशवीत मावणारी कयाक

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने बारा फुटी डबा ठेवायचा कुठे? वर बसायच्या एकट्याच्या कयाकचे वजन वीस ते पंचवीस किलो असते आणि जोडीची त्याहून जड. गाडीच्या टपावर कॅरियर लागते, बांधायला दोन माणसे लागतात. आणि आपल्या धरणांवर एक अडचण वेगळीच आहे. ऑक्टोबरात पाणी जिथे रस्त्याला लागलेले असते तिथून मार्चमध्ये ते दोन-तीनशे पावले खाली गेलेले असते, आणि मधली जमीन म्हणजे गाळ. पायाखाली घोटाभर रुतणारा गाळ आणि खांद्यावर पंचवीस किलो. शिवाय ठोकळा पोकळ असल्याने लांबून मागवायची तर गाडीभाडे किमतीत मोठी भर घालते.

म्हणून हवेच्या कयाक विकल्या जातात. इंटेक्सची पिवळी एक्सप्लोरर के-टू हे त्यांतले सगळ्यात ओळखीचे नाव. सव्वातीन मीटरच्या आत लांबी, 91 सेंटिमीटर रुंदी, दोन माणसे आणि एकूण 180 किलोची क्षमता. पंपाने दहा-पंधरा मिनिटांत तयार होते आणि संध्याकाळी गाडीच्या डिकीत जाते. रुंद असल्याने सहसा उलटत नाही. स्वच्छ सकाळी, काठाकाठाने, तासाभरासाठी तिच्यात मला काहीही वावगे दिसले नाही. पण ती पाण्यात बसत नाही, पाण्याच्या वर बसते. वाऱ्याला तिचे सगळे अंग सापडते. दुपारच्या मुळा धरणावर ती वल्हवणे म्हणजे वाऱ्याशी भांडणे.

दुसरी तऱ्हा अलीकडची. दोन थरांमध्ये हजारो धाग्यांची वीण असते, त्यामुळे हवा खूप दाबाने भरता येते आणि तळ फळीसारखा ताठ होतो. डेकॅथलॉनच्या इटिव्हिट मालिकेत अशा कयाक आहेत. ताठ तळ, टोकदार नाक, पाण्यात खाली बसणे यांमुळे त्या सरळ जातात. किंमत मात्र चांगल्या प्लास्टिकच्या कयाकच्या पंक्तीत जाऊन बसते.

हवेच्या कयाकला आपल्या जिल्ह्यात दोन वैरी आहेत, आणि परदेशी व्हिडिओत त्यांतला एक तर कधीच दिसणार नाही. तो म्हणजे बाभळीचा काटा. धरणाचे पाणी उतरते तशी काठावर वेडी बाभूळ उगवते, पुढच्या पावसात बुडते, वाळते आणि तिचे काटे गाळात टोके वर करून राहतात. कयाक काठावर ओढू नये, उचलून न्यावी, खाली ताडपत्री अंथरावी आणि ठिगळाचा डबा पिशवीत असावाच. दुसरा वैरी ऊन. सकाळच्या गारव्यात टम्म फुगवलेली कयाक जेवणाच्या वेळी उन्हात ठेवली की आतली हवा प्रसरण पावते आणि शिवणी ताणल्या जातात. पाण्याबाहेर आली की थोडी हवा सोडावी, पुन्हा उतरताना भरावी.

संथ दिसणारी प्रवरा

तलाव जमला की माणसाला नदी हवीशी वाटते. प्रवरा अकोल्यापासून संगमनेर, कोल्हार, नेवासा करत प्रवरासंगमला गोदावरीत मिळते. दिवाळीनंतर तिचे रूप खरेच मोहक असते, दोन्ही काठांना ऊस, मधे हिरवट संथ पाणी, खंड्या आणि पाणकावळे. पण एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे: ही नदी आता पावसावर चालत नाही, आवर्तनावर चालते. भंडारदरा आणि निळवंड्यातून पाणी सुटले की तिची पातळी आणि वेग आकाशात ढग नसतानाही बदलतो. कालव्यांसाठी संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी नदीपात्रातूनच येते. सकाळी गुडघाभर असलेले पाणी दुपारी माणसाला पाडते.

खरा धोका मात्र बंधाऱ्यांचा आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळ्यानंतर पाणी अडवणारे बर्गे टाकतात आणि वरच्या अंगाला लांबलचक डोह तयार होतो. कयाकसाठी यापेक्षा सुंदर पाणी नाही. पण डोहाच्या खालच्या टोकाला पाणी भिंतीवरून सांडते, आणि वरून पाहणाऱ्याला ते टोक दिसतच नाही, पाण्याची सरळ रेघ तेवढी दिसते. सांडणारे पाणी खाली तळाला आपटते, पुढे जाऊन वर उसळते आणि वरच्या थरातून पुन्हा भिंतीकडे वळते. त्या फिरत्या पाण्यात सापडलेली वस्तू बाहेर पडत नाही, ती आत खेचली जाते, खाली जाते, वर येते, पुन्हा खेचली जाते. पाण्यात हवा मिसळलेली असल्याने जाकीटसुद्धा नेहमीसारखे उचलत नाही. काही बर्गे काढलेले असतील तर प्रकार आणखी वेगळा: फटीकडे जोराची ओढ असते आणि आडवी झालेली कयाक दोन खांबांना दाबली जाते.

23 मे 2024 रोजी अकोले तालुक्यात सुगाव बुद्रुकला प्रवरेत बुडालेल्या तरुणाच्या शोधासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी उतरली होती. बंधाऱ्याजवळच्या भोवऱ्यात त्यांची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. प्रशिक्षित माणसे, पथकाची बोट, दिवसाची वेळ. त्यांच्या मरणाने आपल्याला काही शिकवले असेल तर हेच, की बंधाऱ्याच्या जवळपास हौस करायची नसते. बंधारा येण्याच्या बऱ्याच आधी काठाला लागावे, कयाक खांद्यावर घ्यावी आणि खालच्या अंगालाही उसळते पाणी पूर्ण शांत झाल्यावरच उतरावे. भंडारदऱ्याच्या भिंतीखाली तर प्रवरा लवकरच रंधा धबधब्यात उडी घेते. तो टप्पा कयाकचा नव्हेच.

संथ नदीसाठी कयाक छोटी हवी, नऊ-दहा फुटांची, चटकन वळणारी, तळ खरवडला तरी चालेल अशी जाड प्लास्टिकची. इथे हवेची कयाक मी घेणार नाही. पडलेल्या बाभळी आणि पाण्यात आलेल्या काटेरी फांद्यांची नदी आहे ती.

चप्पू आणि जाळी

नाथसागराच्या काठावर कयाकचे कौतुक जरा कमी होते, कारण तिथे पाण्यावर जाणे रोजचे काम आहे. जायकवाडीचा हा जलाशय सुमारे 55 किलोमीटर लांब आणि रुंद तिथे 27 किलोमीटर आहे, पण उथळ. भोई आणि इतर मासेमार कुटुंबे चप्पूवर जातात. थर्माकोलचे मोठे तुकडे जाळ्याने किंवा पोत्याने आवळून बांधायचे, वर फळी टाकायची, हातात लहान वल्हे किंवा नुसती पाटी घ्यायची. कुठे ट्रकच्या ट्यूबवर जाळे लावण्याचे काम चालते. प्रवरासंगमजवळ पहाटे एक मासेमार असाच फळीवर उकिडवा बसून जाळे सोडत होता. डाव्या हाताने जाळे, उजव्या हाताने पाणी मागे सारायचे, आणि चप्पू डुगडुगत नव्हता. कयाकचे दोन पात्यांचे वल्हे पाहून त्याने एवढेच विचारले, दोन्ही हात यात गुंतल्यावर जाळं कोण सोडणार? प्रश्न बरोबर होता. कयाक माणूस नेण्यासाठी आहे, काम करण्यासाठी नाही. मासेमारीच्या म्हणून मिळणाऱ्या कयाकमध्ये पायाने फिरवायचे पेडल असते ते याच कारणासाठी, पण त्यांची किंमत या माणसांच्या आवाक्यातली नाही. थर्माकोल मात्र झिजते, तुटते, त्याचे दाणे पाण्यात जातात, आणि त्यावर बसलेल्या माणसाच्या अंगावर जाकीट नसते. जुन्या, भाड्यातून काढलेल्या वर बसायच्या कयाक या कुटुंबांपर्यंत पोचल्या तर दोन्ही प्रश्न थोडे हलके होतील. मत्स्य सहकारी संस्थांनी हा विचार करावा असे मला मनापासून वाटते.

हौशी माणसाने इथे दोन गोष्टी पाळाव्यात. पाण्यावर थर्माकोलच्या तुकड्यांची किंवा रिकाम्या बाटल्यांची रांग दिसली की खाली जाळे आहे. ते ओलांडू नये, टोकाला वळसा घालावा. ते जाळे कोणाच्या तरी घरची चूल आहे. दुसरे, नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित आणि बदके उथळ पाण्यात उतरतात. कयाकला आवाज नाही म्हणून ती पक्ष्यांच्या फार जवळ जाऊ शकते, आणि अचानक समोर आलेली होडी थवाच्या थवा उडवते. वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे उतरू नये. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगालाही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, आणि धरणांचे पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे. व्यवसाय करणाऱ्यांसाठी राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितली आहे. ग्राहकाने ती विचारली पाहिजे.

कोणती घ्यावी

तर माझी निवड. जिल्ह्यातल्या धरणांसाठी, कुटुंबासाठी, पहिली आणि कदाचित एकुलती एक कयाक घ्यायची असेल तर वर बसायची, जाड प्लास्टिकची, साडेदहा ते बारा फुटांची, मागे उचलता येणाऱ्या पातीची. दोघे जाणार असतील तर जोडीची. छापलेल्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांपलीकडे भार घालू नये, त्यात पाणी, डबा, पिशवी सगळे धरून. वल्हे 220 ते 240 सेंटिमीटरमधले, रुंद कयाकला लांब वल्हे. जागाच नसेल तर ताठ तळाची हवेची. स्वस्त हवेची फक्त भंडारदऱ्याच्या कोपऱ्यांसाठी आणि फक्त सकाळी. आत बसायची लांब कयाक शिकून झाल्यावर.

पैसे कमी असतील तर कयाक जुनी घ्यावी आणि जाकीट नवे. उलटे करू नये. एक शिट्टी जाकिटाला बांधलेली असावी, मोबाइल पाण्याबंद पिशवीत असावा, आणि काठावर कोणाला तरी परतीची वेळ सांगितलेली असावी.

जलसंपदा विभागाकडे एक मागणी आहे. आवर्तन कधी सुटणार हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर शेतकऱ्याला कळते. ते नदीकाठच्या प्रत्येक घाटावर आणि बंधाऱ्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिले जावे, आणि प्रत्येक बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, पाण्यातून वाचता येईल असा, काठाला लागण्याची सूचना देणारा फलक असावा. त्याला फार पैसे लागत नाहीत. वाचकहो, येत्या सुट्टीत भंडारदऱ्याला किंवा मुळा धरणावर गेलात तर कयाकच्या रंगाआधी जाकिटाचा पट्टा पाहा, आणि सोबत बचावाची दुसरी होडी कुठे आहे ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर त्या काठावरून पाण्यात उतरू नका.